सेलीन कुणाशेजारी उठणार

सेलीन गेली तेव्हा ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला आठवडा चालू होता. तिला कुठं पुरायचं हे ठरलं, त्या वेळी तिचा नवरा मुकुंद बार्शीकर दवाखान्याच्या पायरीवर हातात रिकामा थर्मास धरून बसला होता. तिचा मुलगा अनिमेष सकाळीच पुण्याहून पोचला होता. तो शेजारी येऊन वाकला आणि म्हणाला, "काका, बाबांचीच कबर उघडायला सांगतो. चालेल ना?"

मुकुंदनं मान हलवली. त्या घडीला त्याला कुणी काहीही विचारलं असतं तरी त्यानं मानच हलवली असती.

बाबा म्हणजे पास्कल पारखे, सेलीनचा पहिला नवरा. रेल्वेत होता. ऐन तिशीत काविळीनं गेला, तेव्हा अनिमेष चार वर्षांचा होता. सेलीननं शाळेत शिकवून पोराला वाढवलं आणि पुढं काही वर्षांनी मुकुंदशी लग्न केलं. मुकुंद सोलापूरच्या भवानी पेठेतल्या कारकुनी घरातला, चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याचा हिशेबनीस, चाळिशी आली तरी बिनलग्नाचा. लग्नाआधी त्यानं बाप्तिस्मा घेतला. पॉल असं नाव मिळालं, ते चर्चच्या दप्तरातच राहिलं. सेलीन त्याला कधी पॉल म्हणाली नाही.

तिच्यासाठी घेतलेला धर्म हळूहळू त्याचा स्वतःचा झाला होता. त्यातली एक गोष्ट तर त्यानं घट्ट धरून ठेवली होती. मेलेलं माणूस शेवटच्या दिवशी देहासकट उठणार. दुसऱ्या कुडीत, दुसऱ्या नावानं नव्हे, तर तेच माणूस. सेलीनला पक्षाघाताचा दुसरा झटका आला, तिचं बोलणं गेलं, तेव्हाही तो तिचा हात धरून स्वतःशी हेच घोकत होता. हीच उठेल. हाच हात असेल, चुलीवर भाजल्याचा मनगटावरचा डाग असलेला.

आणि मग दफनभूमीत त्यानं ती उघडलेली कबर पाहिली. खणणाऱ्यानं पास्कलची उरलीसुरली हाडं अदबीनं गोळा करून पांढऱ्या फडक्यात बांधली होती. पेटी खाली उतरवली आणि ते गाठोडं तिच्या उशाशी ठेवलं. लोकांनी मूठमूठ माती टाकली. मुकुंदनंही टाकली. माती हातातून सुटली आणि त्याच्या मनात आलं, त्या दिवशी ही डोळे उघडेल तेव्हा शेजारी तो असेल.

तेव्हापासून त्याचा पाय घरात ठरेना.

चहा टाकायचा आणि गॅस बंद करून बाहेर पडायचं. बाजारात जायचं आणि काय आणायला आलो ते विसरून परतायचं. मार्च संपता संपता सोलापूरचं ऊन अंगावर यायला लागलं, दुपारी कुत्रीसुद्धा गटारीच्या कडेला सावली धरून पडायची, आणि हा साठी ओलांडलेला माणूस डोक्याला पंचा गुंडाळून रस्ते तुडवत फिरायचा. चालताना तेच चित्र डोळ्यांपुढं यायचं. तुतारी वाजलीय, कबरी उघडल्यात, पास्कल आणि सेलीन एकमेकांकडं बघून हसताहेत. तिशीतला, उंच, भरघोस केसांचा पास्कल. आणि दुसऱ्या कुठल्या तरी कोपऱ्यातून चष्मा शोधत येणारा आपण.

एकदा असाच फिरत तो धाकट्या बहिणीकडं, प्रभाकडं गेला. ती माहेरच्याच घरात राहायची. तिनं पाणी दिलं, पंखा लावला. तिच्यासमोर त्यानं मन मोकळं केलं.

"दादा, वाईट वाटून घेऊ नकोस," प्रभा म्हणाली, "पण आपल्यात असतास तर सात जन्मांची सोय होती. ती तुला परत भेटली असती, आणि पुन्हा बायको म्हणूनच. तू तो रस्ताच सोडलास."

"ती त्यात कधी नव्हतीच, प्रभा. मग मी एकट्यानं सात जन्म घेऊन काय केलं असतं?"

"तेही खरंच," प्रभा म्हणाली आणि पदरानं डोळे टिपायला लागली. तिला वहिनी आवडायची.

तिथून तो थेट चर्चमध्ये गेला. फादर साळवे व्हरांड्यात कुंड्यांना पाणी घालत होते. मुकुंदनं उभ्या उभ्याच विचारलं, "फादर, पुनरुत्थानाच्या दिवशी सेलीन कुणाची बायको असणार?"

फादरांनी झारी खाली ठेवली. "हा प्रश्न येशूलाही विचारला होता. लोकांनी त्याला पेचात पकडायला विचारला होता. एका बाईची लागोपाठ सात भावांशी लग्नं झाली, सगळे मेले, मग ती बाई मेली. उठल्यावर ती कुणाची?"

"ठाऊक आहे. तिथं लग्न नसतं, असं तो म्हणाला."

"हो."

"मग मी तिचा कोण, फादर? कोणीच नाही? पास्कलही कोणी नाही, मीही कोणी नाही, सगळे नुसते देवदूतासारखे? हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे का?"

फादरांनी ओले हात झग्याला पुसले. मग म्हणाले, "बार्शीकर, मी तिथं जाऊन आलेलो नाही. येशूनं नातं पुसलं जाईल असं म्हटलं नाही. तिथं मरण नाही, म्हणून लग्नाची गरज नाही, असं त्याचं म्हणणं. आपली छाती लहान आहे. इथं एकाला जवळ घ्यायचं तर दुसऱ्याकडं पाठ करावी लागते. तिथं तसं करावं लागणार नाही, एवढंच मला समजतं."

"माझी छाती अजून इथलीच आहे, फादर," मुकुंद म्हणाला आणि निघाला.

रस्त्यावर आला तोवर त्याच्या मनानं एक घेतलं होतं. आभाळातलं आपल्या हातात नाही, पण दगडावरचं आहे.

कबरीवर लावायच्या दगडाचं काम अनिमेषनं सिद्धाप्पाला दिलं होतं. अक्कलकोट नाक्याकडं त्याचं पत्र्याचं शेड होतं. समाध्यांचे दगड, देवळांच्या पायऱ्या, पाटे, वरवंटे, सगळं तो करायचा. मुकुंद गेला तेव्हा तो तोंडाला फडकं बांधून बसला होता. काळा दगड घासून तयार होता. अक्षरं अजून पडायची होती.

"पुन्याचे सायेब मजकूर फोनवर सांगतो म्हनले होते की," सिद्धाप्पा म्हणाला.

"मी तिचा नवरा. मजकूर मी सांगतो." मुकुंदनं घसा खाकरला. "सेलीन मुकुंद बार्शीकर. एवढंच. खाली तारखा."

"आन् आदल्या दगडावर नाव हाय त्यांचं काय? ते म्हनले दोगांचं एकच करायचं."

"जुना दगड राहू दे बाजूला."

सिद्धाप्पानं त्याच्याकडं क्षणभर पाहिलं. "बरं. तुमी म्हनाल तसं."

मुकुंद घरी आला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला. पण दुसऱ्या दिवशी उठला तो पहिल्यापेक्षा जास्त अस्वस्थ. पवित्र आठवडा सुरू झाला. झावळ्यांची मिरवणूक झाली, गुरुवारचं पाय धुणं झालं, शुक्रवारी क्रूसाचं चुंबन घेताना त्याचे ओठ कोरडे पडले होते. आपण काहीतरी चोरून आणलंय आणि ते खिशात वाजतंय, असं त्याला सारखं वाटत होतं.

ईस्टरला अनिमेष सोलापूरला आला. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, दोघांनी शेजारी बसून ऐकली. चर्चमध्ये फुलं, मेणबत्त्या, नवे कपडे, 'ख्रिस्त उठला आहे' म्हणत एकमेकांचे हात हातात घेणारे लोक. अनिमेषनंही काकाचा हात हातात घेतला. मग म्हणाला, "चला, सिद्धाप्पाकडं जाऊन येऊ. त्याचा फोन आला होता, दगड तयार आहे म्हणाला. पण मी तर मजकूर दिलाच नव्हता."

मुकुंद गाडीत बसला.

शेडमध्ये दगड भिंतीला टेकवून ठेवला होता. अनिमेष त्यासमोर उभा राहिला. सिद्धाप्पानं दोघांचे चेहरे पाहिले आणि "च्या सांगून येतो" म्हणून बाहेर गेला.

"हे तुम्ही सांगितलं?"

"हो."

"मला न विचारता?"

"तू तरी मला कुठं विचारलंस? दवाखान्याच्या पायरीवर विचारलंस, ते विचारणं होतं का?"

"काका, बाबा तिथं इतकी वर्षं एकटे पडलेत." अनिमेषचा आवाज चढला. "आईला त्यांच्याजवळ ठेवलं तर तुमचं काय गेलं? तुम्हाला ती पंचवीस वर्षं मिळाली. त्यांना किती मिळाली? आणि आता तुम्ही त्यांचं नावसुद्धा काढून टाकलंत. तुम्हाला काय माहिती माझ्या बापाबद्दल?"

"सगळं माहिती आहे!" मुकुंद ओरडला. आपण ओरडलो याचं त्यालाच नवल वाटलं. "तुझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. पालीला घाबरायचा तो. भिंतीवर पाल दिसली की सहा फुटांचा माणूस खुर्चीवर चढायचा आणि तुझ्या आईला हाका मारायचा. शेंगाचटणी भाकरीवर नाही, गरम भातात कालवून खायचा, वर तूप घालून. रोजरीची माळ जपताना मध्येच झोपायचा. तुझ्या आईनं कोपरानं ढोसलं की येशूच्या आयुष्यातल्या भलत्याच प्रसंगाचं नाव घ्यायचा. ऐकतोस ना? तू रडशील म्हणून तुझ्यासमोर बोलायची नाही ती, पण मी पंचवीस वर्षं ऐकलंय. भात वाढला की पास्कल, पाल दिसली की पास्कल. ती हसायची आणि मी ऐकायचो. दरवर्षी मृतांच्या दिवशी तिला स्कूटरवरून दफनभूमीत न्यायचो आणि फाटकाबाहेर लिंबाखाली थांबायचो. आत कधी गेलो नाही. माझ्या घरात तो होताच, आणखी आत जाऊन काय भेटायचं?"

त्याला धाप लागली. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

अनिमेष दगडांच्या ढिगावर खाली बसला होता. त्याचा राग कुठं गेला कळेना. तोंड एकदम लहान मुलासारखं दिसत होतं.

"पालीला घाबरायचे?" तो म्हणाला.

"हो."

"मीही घाबरतो. घरात सगळे हसतात मला." मग तो म्हणाला, "मला काहीच आठवत नाही, काका. त्यांचा चेहरा फोटोतला. आवाज नाहीच. आईला विचारायचं धाडस झालं नाही. तुम्ही घरात होतात ना, तुम्हाला वाईट वाटेल असं वाटायचं. आणि नंतर तिचं बोलणंच गेलं." त्यानं मान वर केली. "अजून सांगा."

मुकुंदनं कपाळावरचा घाम पुसला. मग तोही त्या ढिगाऱ्यावर बसला, आणि सांगायला लागला. सेलीन जसं सांगायची तसंच, तिच्याच शब्दांत, ती जिथं हसायची तिथं थांबून. पास्कलनं अनिमेषचा बाप्तिस्मा होताना फादरांच्या हातावर पाणी सांडलं होतं ते सांगितलं. काविळीत डोळे पिवळे झाले तेव्हा तो आरशात बघून म्हणाला होता, आता मला लोक लांबूनच ओळखतील. हे सांगताना मुकुंदला पहिल्यांदाच वाटलं, हा माणूस आपल्याला आवडला असता. हा विचार त्याला मुळीच नको होता, पण आला खरा.

सिद्धाप्पा चहा घेऊन आला तेव्हा दोघं हसत होते आणि दोघांचेही डोळे लाल होते.

"मग दगडाचं काय करायचं?" त्यानं विचारलं.

"दोघांची नावं घाला," अनिमेष म्हणाला. "आईच्या नावापुढं दोघांची."

"दोन नवऱ्याची?" सिद्धाप्पानं कपाळाला हात लावला. "लई दगडं केली, सायेब, पर असलं कुटं बघितलं न्हाय."

"नको," मुकुंद म्हणाला. "पास्कलचं नाव जुन्या दगडावरून याच्यावर घे, वर. खाली नुसतं सेलीन. माझं घासून काढ."

"घासलं तर तितं खळगा ऱ्हाईल. बोट फिरवलं की लागंल."

"लागू दे."

पुढच्या रविवारी दगड बसला. त्या सकाळच्या मिस्सेत थोमा या शंकेखोर शिष्याचं वाचन होतं. मेलेल्यांतून उठलेला येशू बंद दारातून आत येतो आणि थोमाला हातांवरच्या जखमा दाखवतो. मुकुंदनं हे कितीदा तरी ऐकलं होतं. या वेळी मात्र तो बाकावर पुढं सरकला. ज्यानं मरण मागं टाकलं, त्यानं जखमा तशाच ठेवल्या होत्या. त्याला मनगटावरचा तो डाग आठवला. मग काय काय राहणार? झटक्यानं वाकडा झालेला ओठ? पास्कलसाठी रडलेली वर्षं? आपल्याबरोबर काढलेली? एक राहिलं तर सगळंच राहायला हवं, आणि सगळं राहिलं तर ते तिघं समोरासमोर उभे राहणार. याची भीती वाटतेय का आनंद, त्याला नीट ठरवता आलं नाही.

मिस्सा संपल्यावर तो फादर साळव्यांकडं गेला. "येत्या शुक्रवारची मिस्सा मला मृतांसाठी अर्पण करायची आहे."

"सेलीनसाठी ना?"

"दोघांसाठी. पास्कल पारखे आणि सेलीन. पास्कलचं नाव आधी घ्या." मग जरा चाचरत म्हणाला, "त्याच्यासाठी मी आजवर एकदाही प्रार्थना केली नाही, फादर."

फादरांनी मान डोलावली.

दुपारी मुकुंद आणि दगड बसवायला आलेला अनिमेष दफनभूमीत गेले. ऊन रणरणत होतं, दगड तापला होता. अनिमेषनं झेंडूचा हार घातला, मेणबत्ती लावली. ज्योत त्या उन्हात दिसेचना.

"काका," तो म्हणाला, "एक विचारू? रागावू नका. तुमची वेळ येईल तेव्हा, ही कबर पुन्हा उघडता येते. काही वर्षं गेली पाहिजेत फक्त. मी विचारलंय."

मुकुंद त्याच्याकडं बघतच राहिला. "मलाही यातच घालणार?"

"तुमची इच्छा असेल तर."

मुकुंदनं कबरीकडं पाहिलं. तिथं जेमतेम एका माणसाची जागा होती. मग तो हळूच म्हणाला, "झोपेत मी घोरतो. तुझ्या बापाला चालेल का, विचार."

अनिमेष हसला. मुकुंद हसला नाही. तो खाली वाकला, दगडावर हात टेकला, चटका बसला तरी तसाच ठेवला, आणि मोठ्यानं म्हणाला, "पास्कल, मी मुकुंद."