दुपारच्या गप्पा

तिचं काम ऐकलं की लोक हसायचे. फोनवरून म्हाताऱ्या माणसांशी गप्पा मारायच्या. ज्यांच्या मुलांना वेळ नसे, त्यांची मुलं कंपनीकडे पैसे भरायची आणि कंपनी तिला फोन जोडून द्यायची. "तोंडाची वाफ दवडायचा पगार! नशीब लागतं बाई," शेजारीण म्हणे. तीही हसण्यावारी नेई. ना अंगावर घाम, ना हाताला घट्टे. मन शिणतं हे दाखवणार कसं?

तिच्या वाट्याला एक निवृत्त न्यायाधीश आले होते. सुरुवातीला "हं"च्या पुढे गाडी सरकेना. मग हळूहळू बोलते झाले. आपल्याला कुत्र्यांची भीती वाटते, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं ते तिच्यापाशी. मुलगा लहानपणी आपला कान धरल्याशिवाय झोपत नसे, हे सांगताना तर त्यांना रडू आवरेना.

"अगं, पुढे त्याच्याशी बोलणंच खुंटलं. आता कुठल्या तोंडाने सुरुवात करू?"

"हेच सांगा की, आजोबा. आजच सांगा."

"बघू," ते म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात आजोबा गेले. ग्राहकाच्या घरी पाऊल टाकायचं नाही असा कंपनीचा नियम होता, तरी बोलण्यातून पत्ता ठाऊक झालेल्या त्या घराकडे तिचे पाय वळलेच. दिवाणखाना माणसांनी भरला होता. कोचाच्या कडेला उभा राहून मुलगा कुणाला तरी सांगत होता, "बाबा म्हणजे नुसता दगड. कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही मला."

तिला राहवलं नाही. तो एकटा सापडताच ती हलकेच म्हणाली, "तुम्ही त्यांचा कान धरून झोपायचात. ते सांगताना रडले होते ते."

तो वळला. "तुम्ही कोण?"

"दुपारी त्यांच्याशी फोनवर बोलायची ना, ती मी. तुम्हीच ती सोय लावून दिली होतीत."

क्षणभर त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. मग ओठ आवळले गेले. "मला नाही सांगितलं. तुम्हाला सांगितलं." आणि त्याने दाराकडे हात केला. "या आता."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मॅडमनी तिला बोलावून घेतलं. बाई वाईट नव्हत्या. आधी तिला पाणी दिलं. "तक्रार आलीय. ग्राहकाचं खासगी बोलणं तू बाहेर काढलंस."

"बाहेर कुठे, मॅडम? त्यांच्या पोटच्या मुलालाच सांगितलं."

"ते सांगायचा हक्क तुला नव्हता गं. माझाही नाइलाज आहे."

तिची नोकरी गेली.

भरदुपारी ती घरी आली. आईने दार उघडलं आणि लगबगीने रेडिओ बंद केला. "पड जरा. मी काही विचारत नाही. आधीच बोलून बोलून दमलेली असतेस."

"बस ना इथे, आई."

आई बसली. जो माणूस कधी डोळ्यांनीही पाहिला नाही, तो गेल्यावर इतकं पोरकं का वाटावं, हे तिला सांगायचं होतं. ती उशीची कड ओढत राहिली. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "चहा टाकू?"

"टाक."

आई आत गेली तशी तिने उशीत तोंड खुपसलं आणि ती आवाज होऊ न देता रडली.