पहिल्या चार रांगांची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. माझ्या अंगावर काय लिहिले आहे ते मला तोंडपाठ आहे; ते कोणासाठी लिहिले, हे मात्र मला अजून नीट कळलेले नाही.

१९९३ साली कुंभार पिंपळगावात वसंता पेंटरच्या ओट्यावर माझा जन्म झाला. तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून सरळ केला, पांढरा रंग दिला आणि वर लाल अक्षरे काढली : ‘पुढील चार रांगांत लहान मुले घेऊन बसू नये.’ वसंताची धाकटी पोर शेजारीच भोकाड पसरून बसली होती, त्यामुळे शेवटचे ‘नये’ जरा वाकडे आले आहे.

मला करवून घेतले साहेबरावांनी. पिंपळगाव ते औरंगाबाद त्यांची खासगी बस धावायची. चार तासांचा रस्ता, त्यात अर्धे खड्डे. रामराव गुरुजी याच बसने लेकाकडे जात आणि त्यांना अर्धशिशीचा त्रास होता. एकदा मागच्या पोराने जालन्यापर्यंत पिपाणी वाजवली, तेव्हा गुरुजी उतरता उतरता म्हणाले, “साहेबराव, एक तर त्या पोराला टपावर बसवा, न्हाई तर मला.” साहेबरावांनी मधला मार्ग काढला. तो मधला मार्ग म्हणजे मी, पुढच्या खिडकीवर टांगलेली.

पहिले काही महिने माझे फार कौतुक झाले. “लई बेस केलं,” असे पुढचे लोक म्हणत. मागच्या चाकांवर आदळत बसलेल्या बाया मात्र माझ्याकडे पाहून बोटे मोडत. त्यांचे हाल पाहून मला वाईट वाटे. पण उपरणे डोक्याला घट्ट बांधून बसलेल्या गुरुजींच्या कपाळावरची शीर हळूहळू खाली बसे, तेव्हा बरेही वाटे. मग बरोबर कोण? पाटीने विचार करू नये म्हणतात, पण मला दुसरे काम तरी काय होते!

माझ्या अगदी खालच्या जागेवर दर महिन्याला चतुराबाई बसायची. लग्नाला अकरा वर्षे झाली होती, मूल नव्हते. औरंगाबादच्या दवाखान्यात तिचे औषधपाणी चालू होते. हिलाही गोंगाट सोसत नसेल, असे मी समजून चालले होते. एकदा पुढच्या रांगा भरल्या म्हणून ती मागे गेली, तर तिथल्या बायांनी भराभर आपापल्या लेकरांवर पदर ओढले. मूल नसलेल्या बाईची दृष्ट लागते, असे मानतात ना! त्या दिवशी चतुराबाई औरंगाबादपर्यंत उभ्याने गेली. मी तिचा आडोसा होते की तिच्या जखमेवरचे मीठ, मला काही उमजेना.

पुढे एका सकाळी गाडी खच्चून भरली होती. अंबड सोडले आणि मागे बसलेल्या साळूबाईला गाडी लागली. पहिलटकरीण होती, मांडीवर सहा महिन्यांचे पोर. कंडक्टर कडूबाने तिला धरून पुढे आणले आणि एका गड्याला उठवून चतुराबाईशेजारच्या खिडकीत बसवले.

गुरुजी म्हणाले, “कडूबा, ही पाटी काय शोभेला लावली का?”

“गुरुजी, बाई वकून राह्यली. मंग काय करू?”

साळूबाईचे डोके खिडकीबाहेर, आणि पोर मांडीवरून घसरू लागले. चतुराबाईने हात पुढे केले आणि चटका बसावा तसे मागे घेतले.

“मी न्हाई धरत, माय. मला लेकरू न्हाई. कुणी दुसरं बघ.”

साळूबाईने तोंड पुसले. “मावशी, दृष्ट लागायची ती मागून लागू द्या. आदी पोरगं धरा, पडून राह्यलं ते!”

चतुराबाईने पोर उचलले. ते काही शहाण्यासारखे गप्प बसले नाही. उलट असे रडले की गुरुजींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. तेव्हा चतुराबाई उठली. “गुरुजी, तुमचं डोस्कं खरंच दुखतं, ठावं हाय मला,” असे म्हणून ती पोराला छातीशी धरून तोल सावरत मागे गेली. या वेळी बायांनी पदर ओढले नाहीत. एकीने सरकून जागा दिली. दोघीतिघींनी मात्र तोंड फिरवले, तेही मी पाहिले.

औरंगाबादला पोर आईकडे गेले. चतुराबाईचा खांदा लाळेने ओला झाला होता. तो न पुसताच ती दवाखान्याकडे चालू लागली. पुढच्या महिन्यापासून तिने कडूबाकडे मागचीच जागा मागितली. तिला मूल झाले की नाही, मला ठाऊक नाही. पाटीला येऊन कोण सांगणार?

पुढे बस भंगारात गेली. कडूबाने वडीगोद्रीला हमरस्त्यावर चहाचे हॉटेल काढले आणि मला रांजणावर झाकण म्हणून ठेवले. पोरे येता-जाता माझ्यावर ताशा बडवतात. माझ्या अक्षरांची एवढी थट्टा कोणी केली नसेल! आता मला गुरुजींचे दुखणे कळते, आणि पोरे आली नाहीत की करमतही नाही.

म्हणून एकच मागणे आहे, मित्रांनो. मला पुन्हा कुठे टांगायचे असेल तर खुशाल टांगा. दुखणाऱ्या डोक्यालाही जागा हवीच. फक्त टांगल्यावर, माझ्याखाली येऊन बसलेल्या माणसाला एकदा विचारा, “तुम्हाला इथंच बसायचंय ना?” चतुराबाई इतके महिने माझ्याखाली बसली, आणि हे तिला कोणी म्हणजे कोणीच विचारले नाही.