बुटक्या काठाचा ट्रे

“हा रंधा आहे की नांगर?” गॅलरीच्या दारात उभं राहून बायकोनं विचारलं. “फळी तासताय की पेरणीची तयारी चाललीय?”

गुळगुळीत करायला घेतलेली फळी पार ओरबाडली गेली होती आणि नवा कोरा रंधा दर वितीवर रुतून बसत होता. मी जोर लावला की तो उडी मारायचा आणि लाकडाचा लचका तोडून पुन्हा अडायचा.

“लाकूडच खराब दिसतंय,” मी शेवटी म्हणालो.

“हो ना. बिचाऱ्या रंध्याचा काय दोष!” ती म्हणाली आणि आत गेली.

मी जन्मभर पाण्याचे मीटर वाचले. लोकांच्या जिन्याखाली, कुंड्यांच्या आड, कुत्र्यांच्या शेजारी उकिडवं बसून आकडे टिपायचे, हे माझं काम. माझ्या फेरीच्या वाटेवर एक सुतार होता. त्याच्या दारात मी रोज घटकाभर उभा राहायचो. ताज्या लाकडाचा वास घ्यायचा, रंध्याचा सरसर आवाज ऐकायचा आणि पुढच्या मीटरकडे निघायचं. निवृत्त झालो की मागच्या गॅलरीत आपणही असं दुकान थाटायचं, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

तसं थाटलंही. एक टाकाऊ दार दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं, ते झालं टेबल. भिंतीत खिळे ठोकून करवत लटकवली. रंधा, लाकूड कोरायच्या पटाश्या आणि काटकोन बघायचा गुण्या असा सगळा संच हार्डवेअरच्या दुकानातून चकचकीत खोक्यात आणला. पहिलं काम काय करणार, असं बायकोनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, “ट्रे. कुंड्या ठेवायला.”

हे खोटं होतं. ट्रे तिच्यासाठी होता.

बायको नर्स होती. अख्खी गल्ली तिला सिस्टर म्हणते, लाडात आलो की मीही म्हणतो. नोकरीच्या शेवटी शेवटी तिचा उजवा हात थरथरायला लागला. कुणाच्या लक्षात यायच्या आत तिनं आपण होऊन इंजेक्शनं देणं सोडलं आणि चादरींच्या कोठीवर बदली मागून घेतली. डॉक्टर म्हणाले, भिण्यासारखं काही नाही, पण हे आता असंच राहणार. ती म्हणाली बरं, आणि घरी येऊन तिनं चहाचे कप अर्धेच भरायला सुरुवात केली. पुढं पुढं ट्रे उचलणंच बंद झालं. पाहुणे आले की ती आतून हाक मारायची, “अहो, जरा नेता का?” मग पाहुण्यांपुढे चहा मी न्यायचो आणि ती मागून रिकाम्या हातानं यायची. ज्या बाईनं जन्मभर भरलेले ट्रे घेऊन वॉर्डातून धावपळ केली, तिनं असं रिकाम्या हातानं यावं, हे मला बघवत नव्हतं. म्हणून चांगल्या उंच काठाचा, जड बुडाचा ट्रे करायचा, सांडलं तरी बाहेर जाणार नाही असा, हा माझा बेत होता. आता रंध्यानंच दगा दिला.

मी रंधा घेऊन दुकानात गेलो. दुकानदार पोट धरून हसला. “काका, नवं हत्यार कधी धार लावून मिळतं का? ती आपली आपण लावायची असते!”

नवं म्हणजे धारदार, अशी माझी पक्की समजूत होती. नव्या मीटरला काही करावं लागत नाही. असो. कोपऱ्यावर चाकावर सुऱ्यांना धार लावणारा एक जण बसतो, त्याच्याकडे रंध्याचं पातं दिलं. काय ठिणग्या उडाल्या! मी खूश. पात्याची कड सुंदर निळी झाली, त्यावर तर मी आणखीच खूश. घरी येऊन रंधा चालवला, तर पहिल्याच फटक्याला धार दुमडली.

“भाजून आणलंत की काय?” बायको म्हणाली.

मग कुणीतरी मिस्त्रींचं नाव सुचवलं. बसथांब्यामागच्या बोळात एक म्हातारे मिस्त्री ताडपत्री पसरून जुनी हत्यारं विकतात. “एकटे गेलात तर पुन्हा चमकणारं काहीतरी घेऊन याल,” असं म्हणून बायकोही पिशवी घेऊन निघाली.

मिस्त्रींनी माझं निळं पातं उजेडात धरलं. “गेलं हे. तापवून तापवून पाणी उतरवलंत याचं. मऊ पडलं. आता पुस्तकात खूण म्हणून ठेवा.”

“दुसरं द्या की मग.”

“देतो. आधी याला टोक काढा.” त्यांनी एक पटाशी आणि एक बोथट शिसपेन्सिल माझ्या हातात दिली.

ही त्यांची रीतच होती. पेन्सिलीला टोक काढून दाखवल्याशिवाय ते नव्या गिऱ्हाइकाला काही विकत नसत. कोण हत्यार कसं धरतो ते बघायचं आणि मग काय द्यायचं ते ठरवायचं. मी टोक काढायला लागलो. ते निघायचं आणि मोडायचं. निम्मी पेन्सिल संपली.

“पटाशीपासून लांब राहा तुम्ही,” मिस्त्री म्हणाले. “रंध्याला हातातलं कसब कमी लागतं. बाई, तुम्ही बघता का काढून?”

बायकोचा उजवा हात गुपचूप पिशवीत शिरला. “मी कशाला? मी नुसती सोबत आलेय.”

मिस्त्रींनी आग्रह केला नाही. ताडपत्रीच्या टोकाला पडलेलं एक गंजकं, जाडजूड पातं त्यांनी उचललं. मला ते फुकट दिलं तरी नको होतं. त्याबरोबर लाकडी डबीत बसवलेला धारेचा दगड दिला आणि खिशातून एक नवी पेन्सिल काढून बायकोच्या पिशवीत टाकली. “धार तेवढी घरी लावा. मी लावून द्यायला लागलो, तर तुम्ही रोज याल.”

घरी येईपर्यंत तिनं हात पिशवीतून बाहेर काढला नाही.

गंज काढण्यात एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दगडावर तेलाचे थेंब टाकले आणि पातं घासायला बसलो. ती दारात स्टूल टाकून शेंगा सोलत होती. सोलणं कमी आणि माझ्याकडे बघणं जास्त.

“डुलवू नका.”

“नाही डुलवत.”

“डुलतंय ते. एकदा पुढून टेकतंय, एकदा मागून. अशानं टोक गोल होतं.”

“तुला काय ठाऊक गं?”

“अहो, सरका!”

तिनं शेंगांचं ताट माझ्या मांडीवर आदळलं आणि पातं हातात घेतलं. उतरती बाजू दगडावर ठेवली. दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून ती नीट बसेपर्यंत चाचपली आणि मग पुढे सरकवायला सुरुवात केली. सर, सर, सर. तोच आवाज, एका लयीत.

“मी नवी लागले तेव्हा सुया फेकून देत नव्हते,” ती दगडावरची नजर न काढता बोलायला लागली. “उकळायच्या आणि पुन्हा वापरायच्या. बोथट झाल्या की आम्ही पोरी टेबलाभोवती बसायचो, एकेकीपुढे एवढासा दगड. सुई घासायची. मेट्रन येऊन तपासायची. काय बाई होती! तिला बघून घड्याळसुद्धा घाबरायचं.”

“हे कधी बोलली नाहीस ती?”

“सुया घासायच्या गप्पा कोण मारतं? पण माझी सुई टोचलेली कळत नाही म्हणायचे लोक. एक पहिलवान होता, हा एवढा. मीच पाहिजे म्हणून अडून बसायचा. दुसरी कुणी सुई घेऊन आली की पलंगाखाली!” आणि ती खदखदून हसली. कितीतरी दिवसांनी अशी हसली.

हसताना तिचे खांदे हलत होते, पण हात हलत नव्हता. मला ते एकदम दिसलं. दगडावर भार टाकला होता, दोन्ही हात एकमेकांना धरून होते आणि उजवा हात अगदी निवांत होता. जीभ माझ्या ताब्यात कधीच नसते, पण त्या वेळी मी ती दातांखाली धरली. बोललो असतो तर तिनं हाताकडे बघितलं असतं. मी मुकाट्यानं शेंगा सोलत राहिलो.

“कापूस आणा,” तिनं फर्मान काढलं.

औषधांच्या डब्यातून कापूस आणला. तिनं पात्याच्या कडेवरून तो हलकेच ओढला. दोन-चार तंतू कडेला अडकून राहिले.

“बघा. कड मागं वळलीय, डोळ्यांना दिसत नाही. मेट्रननं परत पाठवली असती.” तिनं पातं पालथं करून सपाट बाजू दगडावर फिरवली, पुन्हा उतरती बाजू, पुन्हा कापूस. या वेळी एकही तंतू अडकला नाही.

पातं रंध्यात बसवलं. मी तिला म्हटलं, “तूच चालव.” ती म्हणाली, “नको, फळी तुमची, फजितीही तुमचीच होऊ दे.” मी रंधा टेकवला आणि ढकलला.

तो गेला! अडला नाही, उडाला नाही, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसरत गेला. वरून कांद्याच्या सालीसारखा पातळ, अखंड पापुद्रा निघाला आणि गोल गोल वळत माझ्या मनगटावर आला. मी ओरडलोच. तिनं मला ढकलून रंधा हिसकावला. मग माझी पाळी, मग तिची. लाकडाचा तोच वास घरभर झाला. एवढा आनंद मला पगारवाढीनंही दिला नव्हता. फळी बघता बघता किती पातळ होत चाललीय, याचं भान दोघांनाही नव्हतं.

दार वाजलं. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई उभ्या होत्या. केसांत पापुद्रे.

“सिस्टर, वरून हे काय पडतंय? माझे वाळत घातलेले कपडे भरले!”

सिस्टरनं त्यांना आत ओढून सगळी हकिकत सांगितली, कापसाचा प्रयोगही करून दाखवला. बाई खाली गेल्या आणि बोथट कात्री घेऊन परत आल्या. आठवडाभरात जिन्यातली प्रत्येक सुरी आणि कात्री आमच्या गॅलरीत येऊन गेली. मी टेबल पुसायचो, तेल घालायचो आणि कापूस पुरवायचो. माझ्या वर्कशॉपात माझी नेमणूक शिपाई म्हणून झाली होती.

ट्रेचं बूड जोडून झालं. काठाच्या फळ्यांवर मी चार बोटं उंचीची रेघ मारून ठेवली आणि जेवायला गेलो. परत आलो तर सिस्टर फळीपुढे उभी. हातात मिस्त्रींनी दिलेली पेन्सिल, टेबलावर पटाशी आणि थोडा भुगा. पेन्सिलीला टोक काढलेलं होतं. थोडं ओबडधोबड, पण न मोडलेलं.

“कुंड्यांना एवढा उंच काठ?” तिनं विचारलं.

“माती सांडते गं.”

“माती की चहा?”

मी पायाकडे बघायला लागलो.

“मला वेड्यात काढू नका. पेशंटला देतात तसला ट्रे करत होता माझ्यासाठी.” ती रागावलेली नव्हती, पण तिचे डोळे भरले होते. “एवढ्या उंच काठात कप दिसणार तरी आहेत का कुणाला?”

तिनं माझी रेघ खोडून खाली दुसरी रेघ मारली. बोटभरच उंचीची. गुण्या बाजूलाच होता, तो तिनं घेतला नाही. डाव्या हातानं मनगट धरून रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. जरा नागमोडी झाली.

“इथून कापा,” ती म्हणाली.

माझा हात गुण्याकडे गेला होता, तो मी मागे घेतला. करवत तिच्या रेघेवरून चालवली, जिथं ती वळली तिथं वळवली.

ट्रेचं तेल वाळलं त्या संध्याकाळी मिस्त्रींना आणि खालच्या बाईंना चहाला बोलावलं. सगळे गॅलरीत बसलो. मिस्त्रींनी सिस्टरची पेन्सिल उचलून टोक बघितलं आणि मान डोलावली. आत गॅस बंद झाला. मी हाकेची वाट बघत होतो. हाक आली नाही.

मग कपबशा वाजायला लागल्या. आधी स्वयंपाकघरात, मग बाहेरच्या खोलीत, किणकिण, किणकिण, जवळ जवळ येत. बाई अर्धवट उठल्या. मी त्यांना हातानं खाली बसवलं आणि स्वतःही बसून राहिलो, खुर्चीचे हात घट्ट धरून.

सिस्टर दारात आली. बुटक्या, नागमोडी काठाच्या ट्रेमध्ये चार कप, चारही काठोकाठ भरलेले. थोडा चहा ट्रेत सांडला होता.

“सांडलाय थोडा,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि ट्रे मिस्त्रींपुढे धरला. “घ्या.”