खालच्या कोपऱ्यातली ओळ

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि स्वभावाने भित्रा आहे. फळ्याला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. पण भिंतीवर टांगलेल्याला पळता येत नाही, ओरडता येत नाही, डोळेही मिटता येत नाहीत. समोर जे होईल ते बघत राहायचं. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही भ्यायला असता.

गावातल्या सुताराने तीन फळ्या जोडून मला केलं. जोड इतका बेमालूम होता की नखसुद्धा आत शिरेना. त्याच्या बायकोने काळा रंग दिला आणि उन्हात वाळत ठेवताना मला म्हणाली, "शाळेत जाशील, मजा आहे तुझी." पण शाळेने दुसरीकडून फळा आणला आणि मला नगरपालिकेने घेतलं. मजा गेली, कारकुनी आली.

कचेरीच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला मी. माझ्या एका बाजूला जन्ममृत्यूच्या नोंदीची खिडकी, दुसऱ्या बाजूला तिवईवर पाण्याचा माठ. गावाला जे कळायला हवं ते माझ्यावर लिहिलं जाई. पाणी किती वाजता येणार, कुठला रस्ता खणणार, लस कधी टोचणार. 'हरवली आहे, तपकिरी शेळी, डावा कान फाटका.' 'सापडली आहे, कवळी. मालकाने ओळख पटवून न्यावी.' त्या कवळीवर दोघांनी हक्क सांगितला आणि दोघांनाही ती बसली. आठवडाभर कचेरीत दुसरा विषय नव्हता.

तेव्हा मला भीती होती फक्त ओल्या फडक्याची. संध्याकाळी शिपाई तो पिळून आणायचा आणि दिवसभर अंगावर मिरवलेलं सगळं चार फटकाऱ्यांत जायचं. वाटायचं, आपणही थोडेथोडे पुसले जातोय.

या शिपायाला सगळे खडूकाका म्हणत. नाव खडूकाका, पण खडू त्यांनी कधी हातात धरला नव्हता. लिहायचे मोठे कारकून, खडूकाका नुसते खडू आणून द्यायचे आणि पुसायचे. एकदा मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई नळाची तक्रार घेऊन आल्या. खडूकाका फडका हातात धरून माझ्याकडे टक लावून उभे होते.

"वाचता येतं का हो?" बाईंनी विचारलं.

"पुसता येतं, बाई."

बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून कचेरी सुटल्यावर अर्धा तास त्या येऊ लागल्या. पंचेचाळीस वर्षांचा माणूस माझ्यावर अक्षरं गिरवू लागला. त्यांच्याबरोबर मीही शिकलो. तोवर अक्षरं माझ्या अंगावर मुंग्यांसारखी चालायची, आता ती बोलू लागली. खडूकाकांनी पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं, तेव्हा ते पुसायला त्यांचा हात धजेना.

"पुसा की," बाई म्हणाल्या. "चुकलेलं पुसायचं आणि बरोबर असलेलंही पुसायचं. नाहीतर उद्याचं लिहिणार कुठे?"

पुढे बोर्डावरचं लिहिणं खडूकाकांकडेच आलं. लिहिलेल्या शब्दावर त्यांची इतकी श्रद्धा, की एखादी गोष्ट माझ्यावर लिहिली म्हणजे ती गावातल्या प्रत्येकाच्या कानात पोचली, असं त्यांना वाटे. उशिरा शिकलेल्या माणसाला तसं वाटतं. मी त्यांना हसत नाही.

आता आमच्या कचेरीची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. गावातलं कुणी गेलं की त्या दिवशी माझ्यावरचं बाकी सगळं पुसायचं आणि मध्यभागी फक्त त्या माणसाचं नाव लिहायचं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. येणारेजाणारे क्षणभर थांबत, मान खाली घालत आणि पुढे जात. गावाला या रितीचा मोठा अभिमान होता. मलाही होता.

एका पहाटे मोठ्या बाई गेल्या.

खडूकाकांनी त्या सकाळी मला तीनदा धुतलं. मग बाईंनी शिकवलेल्या वळणात, एकेक काना तोलून, बाईंचं नाव लिहिलं. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खडूवर पडलं आणि एका अक्षराला भेग पडल्यासारखी झाली. ते अक्षर त्यांनी पुन्हा लिहिलं.

दहाच्या सुमाराला पाणीखात्यातला फिटर धापा टाकत आला. गुडघ्यापर्यंत चिखल.

"साहेब, घोटाळा झालाय. टाकीच्या रस्त्याला खांबासाठी खड्डा खणला ना, त्यात गटाराची नळी फुटली. शेजारची पाण्याची नळी आधीच चिरलेली. सकाळी सोडलेलं पाणी सगळं नासलंय. मी व्हॉल्व्ह बंद केलाय, पण लोकांनी भरून ठेवलं असणार."

मोठे कारकून पांढरे पडले. भोंग्याची गाडी दुरुस्तीला गेलेली. त्यांनी दोन सफाई कामगारांना वरच्या आळीपासून घरोघर सांगायला धाडलं, फिटरला टाकीकडच्या घरांत पाठवलं आणि खडूकाकांना हाक मारली.

"फळ्यावर लिहा. लगेच."

"बाईंचं नाव आहे, साहेब."

मोठे कारकून घुटमळले. बाईंच्या हाताखाली त्यांच्या दोन मुली शिकल्या होत्या. "नाव नका पुसू. लोक काय म्हणतील? खाली कोपऱ्यात लिहा कुठेतरी."

आणि खडूकाकांनी माझ्या उजव्या कोपऱ्यात, तिवईच्या सावलीत, बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांत लिहिलं: 'सकाळचे पाणी पिऊ नये. ओतून द्यावे.' मग हात झटकून ते बाईंच्या घरी खांदा द्यायला गेले. लिहिलं म्हणजे सांगितलं, असंच त्यांना वाटलं. सकाळच्याच पाण्याने भरलेला शेजारचा माठ कुणालाच आठवला नाही.

मित्रांनो, त्यानंतरचे चार तास मी विसरू शकत नाही.

माणसं येत होती. दारात थबकत, बाईंचं नाव वाचत, मान खाली घालत. मान खाली घातली की नजर पायांशी जाते, कोपऱ्यात जात नाही. भाजीवाली आली, तिने हात जोडले आणि निघाली. मला करणारे सुतार आजोबा काठी टेकत आले. त्यांना आता धूसर दिसायचं. त्यांनी माझ्या जोडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पक्का आहे रे अजून." मग बाकावरच्या माणसाला विचारलं, "काय लिहिलंय?"

"मोठ्या बाई गेल्या, आजोबा."

"ते ठाऊक आहे. तिकडेच निघालोय. बरं, चालू द्या." आणि त्यांनी माठातलं एक पेलाभर पाणी पिऊन घेतलं.

मी लाकडाच्या शिरेशिरेतून ओरडत होतो. आजोबा, कोपऱ्यात बघा! पण फळ्याचं ओरडणं म्हणजे काय? खडूची भुकटी खाली पडली, एवढंच.

पुढे माझी भीती मोजण्यापलीकडे गेली. दर वेळी माठाचं झाकण वाजलं की मी थरारायचो. ओळ माझ्याच अंगावर होती. वाचवणारे शब्द माझ्याजवळ होते आणि ते कुणाच्या उपयोगी पडत नव्हते.

दोनच्या सुमाराला एक नवराबायको तान्ह्या मुलीच्या जन्माची नोंद करायला आले. पोरगी भुकेने किंचाळत होती. बायको पिशवीतून दुधाच्या पावडरीचा डबा काढत म्हणाली, "अहो, घरून उकळलेलं पाणी आणायचं राहिलंच."

"इथे माठ आहे की. कचेरीचं पाणी आहे, स्वच्छच असणार," नवरा म्हणाला. त्याने बाईंचं नाव वाचलं, मान लववली आणि बाटली भरली. तो ती हलवू लागला. पांढरा फेस वर आला.

तेवढ्यात खडूकाका दारातून आत आले. त्यांच्याबरोबर बाईंची लेक होती, आईच्या मृत्यूची नोंद करायला आलेली. ती माझ्यासमोर थांबली. आईचं नाव तिने वाचलं. पण मान खाली घालण्याआधी, आईने लावलेल्या सवयीने, ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेली.

"काका, हे खाली काय लिहिलंय?"

"ते होय, पाण्याचं. सकाळी फिटर…"

"सकाळी? आणि इतकं बारीक?"

"जागा नव्हती, ताई. मध्ये बाई होत्या."

तिचा चेहरा राखेसारखा झाला. "आमचं पिंप आज सकाळीच भरलं. घरी आलेल्या प्रत्येकाला मी त्यातलंच पाणी दिलं, काका. माझ्या हाताने दिलं." मग तिची नजर बाटलीवर गेली. निपल मुलीच्या ओठांना लागलं होतं.

"थांबा! नका पाजू! टाका ते!"

बाटली फरशीवर पडली. दूध माझ्या पायाशी पसरलं. मुलगी अजून जोरात रडू लागली आणि मला ते रडणं फार गोड वाटलं.

"फडका द्या," लेक म्हणाली.

खडूकाकांनी फडका पाठीमागे धरला. "बाईंचं नाव आहे, ताई. उद्या सकाळपर्यंत तरी…"

"आई जन्मभर फळे पुसत आली, काका. आज तिच्यासाठी एक फळा पुसवत नाही तुम्हाला?"

ती फडक्यासाठी थांबलीच नाही. तिने उघड्या तळव्याने आपल्या आईचं नाव पुसलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकदाच. मग माझ्या पूर्ण अंगावर हातभर अक्षरांत लिहिलं: 'पाणी पिऊ नका!' खडूकाकांनी माठ उचलून रस्त्यावर उपडा केला आणि आयुष्यात पहिल्यांदा, लिहिलेलं असूनही, गल्लीगल्लीतून ओरडत पळाले.

त्या आठवड्यात दवाखान्यात खाटा पुरल्या नाहीत. बरीच माणसं बरी होऊन घरी आली. सुतार आजोबा आले नाहीत. त्यांचं नाव त्यांनीच जोडलेल्या फळ्यांवर लिहिलं गेलं. या वेळी खडूकाकांनी नाव वरच्या कडेला लिहिलं आणि खाली निम्मा फळा मोकळा सोडला. पुढे तीच रीत झाली.

फडक्याची भीती त्या दिवसापासून मला उरली नाही. तिची जागा दुसऱ्या भीतीने घेतली. आपल्या अंगावर काहीतरी राहून जाईल आणि त्याच्याआड गरजेचं झाकलं जाईल, ही ती भीती.

आता खडूकाका नाहीत. सूचना लोकांच्या फोनवर जातात. मला मागच्या बोळात, झाडूंच्या शेजारी टांगलं आहे. शेवटचं जे लिहिलं गेलं ते अजून तसंच आहे: 'उद्या पाणी येणार नाही.' कुणी लिहिलं, कुठल्या वर्षी, मलाही आठवत नाही. पण कर भरायला आलेली एखादी म्हातारी वाट चुकून इकडे येते, ज्याच्याकडे फोन नाही असा कुणी येतो, ते वाचतो आणि घाबरून घरी जाऊन भांडी भरत बसतो. पुढे खरंच पाणी बंद होईल, तेव्हा ही माणसं माझ्याकडे बघून म्हणतील, हा तर रोज हेच सांगतो. त्या दिवसाची मला फार भीती वाटते.

मित्रांनो, नगरपालिकेत याल तेव्हा मागच्या बोळापर्यंत या. माझ्याखाली खिळ्याला एक फडका आहे, तो ओला करा. आणि न भिता माझ्यावरची ती 'उद्या'ची अख्खी ओळ पुसून टाका.