तिरक्या चौकटीतले सरळ दार

मित्रांनो, मी एक दार आहे. जुनेपुराणे नाही, चांगले नवेकोरे. मला वर्षसुद्धा झालेले नाही. आपली कहाणी सांगायला म्हातारपण यावे लागते, असे आम्हा वस्तूंमध्येही मानतात. पण थोड्याच महिन्यांत मला इतके घासले, ठोकले आणि बोलले गेले, की माझे सांगायचे वय झाले असे समजा.

मी एका घरगाडीचे दार आहे. घरगाडी म्हणजे चाकांवरचे घर. पुढे चालकाची जागा, मागे पलंग, छोटासा ओटा, दोन कपाटे. माझा जन्म एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. बाहेरून पत्रा, मध्ये फोम, कडेने काळी रबरी पट्टी असा माझा थाट. दोन बिजागऱ्यांवर मला टांगले, तेव्हा एका कामगाराने मला नुसते बोटाने ढकलले आणि मी 'टक्' करून लागले. "याला म्हणतात दार!" तो म्हणाला. ते माझे पहिले कौतुक, आणि शेवटचेही.

मला घेतले ते एका घड्याळे दुरुस्त करणाऱ्या काकांनी. चाळीस वर्षे डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. गल्लीत त्यांना 'सेकंदकाका' म्हणत. दुकान बंद करून त्यांनी ही गाडी घेतली, ती हौसेने नाही, तर काकूंसाठी. काकूंच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली होती. तासाभरावर त्यांना बसवत नसे. पलंग सोबत असेल तरच प्रवास. आणि प्रवास तर करायचाच होता. काकूंची मोठी बहीण, अक्का, दोन दिवसांच्या वाटेवर राहत होती. आई गेल्यावर काकूंना तिनेच लहानाचे मोठे केले. आता तिची दृष्टी जात चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन-तीन महिन्यांची मुदत दिली होती.

"धाकटे, दिसतंय तोवर एकदा तुझं तोंड बघू दे," अक्का फोनवर म्हणाली. "मग काय अंधार व्हायचाय तो होऊ दे."

गाडी घरी आली त्याच दिवशी घोळ झाला. गल्ली अरुंद. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाट राहावी म्हणून काकांनी मागचे डावे चाक दगडी पदपथावर चढवून गाडी उभी केली. शेजाऱ्यांनी त्यांच्या समजूतदारपणाचे कौतुक केले. पण एवढी लांब गाडी एक चाक वर आणि तीन खाली अशी उभी राहिली, की तिचे अंग पिळवटते. माणसाच्या डोळ्याला ते दिसत नाही, घड्याळजीच्याही नाही. माझी चौकट बोटभर तिरकी झाली. मी मात्र होते तसेच सरळ राहिले. संध्याकाळी काकांनी मला ओढले, तर वरच्या कोपऱ्यात मी अडकून बसले.

"नवी गाडी, आणि दार लागत नाही?" काका म्हणाले.

"अहो, रबर नवं आहे. बसेल हळूहळू," काकू म्हणाल्या.

"हळूहळू बसायला ती काय खुडूक कोंबडी आहे?"

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी विकणाऱ्यांच्या कारखान्यात गेलो. तिथली जमीन आरशासारखी सपाट. मिस्त्रीने मला ढकलले, आणि काय सांगू, मी 'टक्' करून लागले! त्याने दहा वेळा उघडझाप करून पाहिली.

"काका, दाराला काही झालेलं नाही."

"इथे नाही हो होत. घरी होतं."

"मग घरीच काहीतरी असेल," मिस्त्री म्हणाला आणि हात पुसायला लागला.

पाहा, अगदी खरे तेच तो बोलून गेला होता, पण ते त्यालाही कळले नाही. काकांना वाटले हा आपली टिंगल करतो. ते तणतणत परतले आणि चाक पुन्हा पदपथावर चढवले. मी पुन्हा अडकले.

"आता मीच बघतो," काका म्हणाले. "केसाएवढा फरक शोधण्यात माझी हयात गेली. हे तर दार आहे."

त्यांनी मला उतरवले. बारीक कानशीने माझा वरचा कोपरा घासायला घेतला. रोज थोडे घासायचे, लावून बघायचे, पुन्हा उतरवायचे. बिजागऱ्या खाली सरकवल्या. लॅच जिच्यात अडकतो ती चौकटीवरची पट्टीही हलवली. मी आतून ओरडत होते, अहो, चाकाकडे बघा! पण दाराला एकच भाषा येते, कुरकुरण्याची. मी जीव तोडून कुरकुरले, तर काकांनी मला तेल घातले. मग तीही भाषा गेली.

तीन आठवड्यांनी मी त्या पिळवटलेल्या चौकटीत नीट बसले. काकांनी पेढीवरच्या मालकासारखे गल्लीकडे पाहिले. काकूंची पिशवी कधीचीच भरलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. चारही चाके रस्त्यावर आली, गाडीचे अंग सरळ झाले, आणि वाकड्यासाठी घासलेले मी सरळ चौकटीत खुळखुळू लागले. लॅच जेमतेम टोकाने धरून होता. एका वळणावर तो सुटला आणि मी सताड उघडले. पाण्याची बाटली बाहेर फेकली गेली. काकू पलंगाची कड धरून राहिल्या म्हणून वाचल्या. मला माझीच इतकी भीती कधी वाटली नव्हती.

काका पांढरेफटक पडले. गाडी माघारी वळली.

घरी आणून पाहतात तर मी व्यवस्थित! "घरी लागतं, रस्त्यावर उघडतं. काय म्हणावं याला?" काका डोक्याला हात लावून पायरीवर बसले. मग त्यांनी जाड रबर लावले. नवा लॅच आणला. चौकटीची पट्टी आणखी आत घेतली. असे करता करता दीड महिना गेला. काकू रोज म्हणत, "निघू या ना." आणि काका रोज तेच उत्तर देत, "अर्धवट दुरुस्त केलेली वस्तू मी आजवर दुकानाबाहेर जाऊ दिलेली नाही. यात तर तू झोपणार आहेस."

त्यांचे तरी काय चुकले? जिवाला जपत होते बिचारे.

एकदा दुपारी काकू आत आडव्या झाल्या होत्या. काकांनी मला बाहेरून लोटले, तर जाड रबरामुळे मी असे काही घट्ट बसले की उघडेनाच. चालकाच्या बाजूने उंचावरून उतरणे काकूंच्या पाठीला झेपणारे नव्हते. काका बाहेरून पाचर घालून मला उचकटत होते. तेवढ्यात आत फोन वाजला.

"काय करतेस गं?" अक्काचा आवाज आला.

"काही नाही, पडलेय जराशी." काकूंनी डोळे पुसले. "दार तेवढं नीट झालं की आलोच बघ. तुझं कसं आहे?"

"माझं काय, बरं चाललंय. सावकाश ये."

पूर्वी ती 'कधी येतेस?' असे विचारायची. ते विचारणे बंद झाले होते. माझ्या ते ध्यानात आले. काकूंच्याही आले असावे, कारण मी उघडताच त्या पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "पुरे झालं. दोरीनं बांधा याला, नाहीतर उपटून फेकून द्या. पण आजच्या आज निघायचं. अक्काचे डोळे तुमच्या दारासाठी थांबणार नाहीत!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काकांनी दुरुस्ती अर्धवट सोडली आणि ते दोरी शोधायला गेले.

दोन दिवस मी दोरीने पलंगाच्या पायाला बांधलेले, खडखडत, धूळ आत घेत गेले. पण पोहोचलो. अक्काच्या घरासमोर सिमेंटचे सपाट अंगण होते. काकांनी दोरी सोडली. काकू मला धरून एकेक पाय खाली टाकत उतरल्या. अक्का भिंतीला हात लावत दारात आली आणि थांबली. दोघींमध्ये चार पावलांचे अंतर असेल. ऊन लख्ख होते.

"कोण आलंय?" अक्काने विचारले.

काकूंनी माझी कड घट्ट धरली.

"धाकटी का गं तू?" हात पुढे करत अक्का आमच्यापर्यंत आली. चाचपडत काकूंचा चेहरा सापडला. कपाळ, गाल, मग केस. "दिसेनासं होऊन अकरा दिवस झाले बघ. फोनवर कशाला सांगायचं? तू घाईनं निघाली असतीस, पाठीचं दुखणं वाढवून घेतलं असतंस." जराशाने तिने विचारले, "केस पांढरे झाले का गं?"

"सगळे," काकू म्हणाल्या आणि तिच्या खांद्यावर डोके ठेवून रडल्या.

काका माझ्यापाशीच उभे होते. काय करावे हे न सुचून त्यांनी मला ढकलले. लॅच पुन्हा जेमतेम लागला, वर बोटभर फट राहिली. त्यांनी ती फट पाहिली. मग खाली वाकून सपाट जमिनीवरची चारही चाके पाहिली आणि घरी पदपथावर चढवायचे ते मागचे डावे चाक हाताने चाचपले.

"गाडीच तिरकी उभी होती," ते शेवटी म्हणाले. "दार सरळच होतं. अक्का, मी उशीर केला हो."

अक्काने आवाजाच्या रोखाने हात लांब केला तो माझ्यावर पडला. माझ्या घासलेल्या कडेवरून तिची बोटे फिरली. "केवढं घासलंय हो या बिचाऱ्याला," ती म्हणाली.

मित्रांनो, मला वाचा असती तर तो अकरा दिवसांचा उशीर टळला असता. ते दुःख माझ्या पत्र्याला गंजासारखे लागले आहे. तुमच्या घरातले एखादे दार कुरकुरले, तर तेलाची बाटली आणण्याआधी ते कशावर उभे आहे एवढे पाहा. आणि लांब कुणीतरी तुमची वाट पाहत असेल, तर माझ्यासारख्याच्या दुरुस्तीसाठी थांबू नका. तसेच निघा. मी जमेल तितके घट्ट धरून राहीन.