दोघांचा एक कोयता

रोहिणीच्या नजरेखालून एखादी टेस्ट बिनबोभाट पास होणं म्हणजे वडवणीच्या बाजारात घासाघीस न करता भाजी घेणं. सहसा घडत नसे.

'मागोवा' नावाचं एक फुकट टूल आहे. प्रोग्रामची कुठली ओळ कोणी, कधी बदलली याची नोंद ते ठेवतं. जगभरची माणसं हौसेनं त्यात भर घालतात, आणि ते बिघडलं तर कळावं म्हणून आपोआप चालणाऱ्या टेस्टही लिहून पाठवतात. टेस्ट हिरवी झाली की पास, लाल झाली की नापास. आलेली टेस्ट आत घ्यायची की परत धाडायची, हे रोहिणी अंबाजोगाईच्या आपल्या घरी बसून ठरवते. तिचा वचक भारी.

चार महिन्यांपासून चकलांब्याच्या सोमेश्वरच्या खात्यावरून टेस्ट येत होत्या. इतक्या नीटनेटक्या, की खोड काढायला जागा मिळेना, आणि त्याचाच तिला राग यायचा. सोमवारी आलेल्या टेस्टमध्ये मात्र जागा मिळाली. नावं दोन, ईमेल एक. तर काम कोणी केलं याची जी यादी टूल काढतं, तिच्यात माणसं किती? अपेक्षित उत्तर लिहिलं होतं, एक. टेस्ट हिरवी. शेजारी टीप : 'एक कोयता.'

तिनं सोमेश्वरला फोन लावला. एका बाईनं उचलला.

"म्या दिपाली, सोमेश्वरची बायको. टेस्ट म्याच लिवलीय."

"बाकीच्या?"

"दोन सोडून समद्या. लॅपटॉप एक, ईमेल एक. म्या नाव माझंच टाकते, पर यादीत त्येंचंच येतंय. शनिवारी तालुक्याच्या कॉलेजात मुलाखत हाय माझी, कम्प्युटर लॅबमधल्या नोकरीसाठी. यादीत नाव दाखवा म्हणलेत."

"मग उत्तर एक कावून लिवलं?" रागावली की रोहिणीची भाषा आपोआप माहेरी जायची.

"टूल चालवून बघितलं, ते एक म्हणलं. सासू-सासरे ऊसतोडीला जायचे, तवा मुकादम हिशोबात नवरा-बायकोचा मिळून एकच कोयता धरायचा. वाटलं, तुमच्यात बी तसंच असंल."

रोहिणीचा राग कुठल्या कुठे गेला. भाषा मात्र माहेरीच राहिली.

"टेस्टमदी काय व्हतंय ते लिवायचं न्हाई, दिपाली. काय व्हायला पायजे ते लिवायचं."

"लिवू?"

"लिव."

दहा मिनिटांत एकाचे दोन होऊन आले. टेस्ट लाल. म्हणजे चूक टूलची. दोघांना एक मोजणारी ओळ लिहिणाऱ्याचे कान उपटायचेच, असं ठरवून रोहिणीनं मागोव्यालाच विचारलं, ही कोणाची करणी? मागोव्यानं इमानेइतबारे सांगितलं : रोहिणी, सहा वर्षांपूर्वी. सोबत तिचीच टीप : 'ईमेल एक तर माणूस एक. उगाच फाटे नकोत.'

तिला मनापासून लाज वाटली. ओळ दुरुस्त केली. स्वतःचं काम स्वतः तपासायचं नाही हा तिचाच नियम, म्हणून ते दिपालीकडे तपासायला पाठवलं. दिपालीनं परत धाडलं : 'टीप न्हाई. कावून बदललं ते लिवा.'

रोहिणीनं दातओठ खात लिहिलं : 'माझी चूक होती. माणसं दोन आहेत.' मग ते पास झालं.

शुक्रवारी नवी आवृत्ती निघाली आणि तिच्यासोबत यादी. दिपाली, एकेचाळीस टेस्ट. सोमेश्वर, दोन. पाठोपाठ सोमेश्वरचा फोन आला.

"मॅडम, काल तर माझ्या नावावर त्रेचाळीस व्हत्या. आता दोनच?"

"टेस्ट हिरवी आहे," रोहिणी म्हणाली.

त्यानं तोंडातल्या तोंडात बेरीज केली. मग म्हणाला, "बरुबर हाय. उद्या म्याच सोडतो तिला मोटरसायकलवर."

संध्याकाळी दिपालीनं यादीतल्या आपल्या नावाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं : 'ताई, हे काय व्हतंय ते हाय, का काय व्हायला पायजे ते?'

रोहिणीनं चष्मा पुसला आणि उत्तर लिहिलं.

'दोन्ही.'