भाकरी न विचारणारी प्रश्नावली

मित्रांनो, मी एक जुनी प्रश्नावली आहे. सांधे सुजणाऱ्या मुलांना रोजची कामं किती जमतात, हे विचारणारी चार पानं. आता लोक मला बरं म्हणतात, पण माझं पहिलं रूप आठवलं की मला अजून शिसारी येते.

माझा जन्म परदेशातला. शहरातल्या थंडगार खोलीत बसून मोठ्या शिकलेल्यांनी मला मराठीत आणलं. शब्द बदलले, घर तिकडचंच ठेवलं. मग बारामतीच्या एका दवाखान्यात मी काय विचारत होते? टबात बसून आंघोळ करता येते का? ताटातलं मांस सुरीनं कापता येतं का? विचारताना माझी मलाच किळस यायची.

निमगाव केतकीची प्रगती तेव्हा नऊ वर्षांची. मनगटं फुगलेली, गुडघे वाकत नव्हते. सोबत आजी, सरुबाई, ताठ मानेची. व्यायाम शिकवणाऱ्या रोहिणीताईंनी मला वाचायला घेतलं.

"टब न्हाय बाई, बादली हाय. आन् आंघोळ मीच घालती."

"कपडे स्वतः घालते का?"

"घालती की. आमच्या पोरीला काय धाड भरलीय?"

पोरीनं तोंड उघडलं, आजीनं बघितलं, पोरीनं मिटलं. घरात जे नव्हतं ते मी 'लागू नाही' म्हणून सोडलं. जे होतं ते आजीच्या तोऱ्यात गेलं. अडचणींची बेरीज आली शून्य. नवं इंजेक्शन द्यायचं का, हे ठरवताना डॉक्टर माझी बेरीजही बघत. शून्य बघून त्यांनी ते पुढं ढकललं. पोर भिंत धरत बाहेर गेली, आणि माझ्यावर लिहिलेलं, अडचण नाही. थू माझ्या शहाणपणावर.

रोहिणीताईंना ते सहन झालं नाही. गावोगाव आयाबायांना विचारून त्यांनी मला नव्यानं लिहिलं. मांडी घालून बसता येतं का? उकिडवं बसून उठता येतं का? एका हातानं भाकरी मोडता येते का? शहरातल्या त्या शिकलेल्यांना पाठवलं, तर उत्तर आलं, भाकरी शास्त्रीय वाटत नाही. ताईंनी कळवलं, मग इथं जेवायला या. कोणी आलं नाही, भाकरी राहिली.

तीन महिन्यांनी प्रगती पुन्हा आली.

"भाकरी मोडते का?"

"मोडती की. रोज जेवती."

ताईंनी स्वतःच्या डब्यातली भाकरी काढून पोरीसमोर ठेवली. प्रगतीनं बोटं लावली, मनगट वळेना. तिनं दातानं धरून बघितलं. मग हळूच म्हणाली, "आजी, तूच कुस्करून दे की. रोज देतीस तशी."

सरुबाईची मान पहिल्यांदा खाली गेली. तिनं ती भाकरी ओढून पोरीसाठी कुस्करली.

"लिव्हा," ती म्हणाली. "जमत न्हाय, लिव्हा. कपड्याचंबी खोटं हाय, मीच घालती. लगीन जमायचं न्हाय म्हून दडवलं."

या वेळी बेरीज खरी आली. त्याच आठवड्यात इंजेक्शन सुरू झालं. आता सरुबाई तपासणीला आली की बाकावरच्या दुसऱ्या आज्यांना दटावते, "तुमी गप बसा. दुखतंय कुणाला, तुमाला का पोराला?"

मित्रांनो, माझ्यावर चहाचे कप ठेवतात, घाईत खुणा करतात, ते मी सोसते. पण पोराला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मोठ्यांनी दिलं की माझा जीव विटतो. मला हातात घ्याल तेव्हा पोराकडं बघून विचारा. आणि विचारलंत की थांबा. दुखऱ्या पोराला बोलायलाही वेळ लागतो.